चालते दप्तर आणि भरलेली डिस्क

(करजण येथील शालेय स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण चालविता, त्यांच्या नावाने उभे राहून बोलावयाचे म्हणजे मनावर थोडे दडपण येते. त्यांच्या उत्तरायुष्यात मला त्यांचा सहवास लाभला. त्यांची एक आठवण सांगूनच मी विषयाला हात घालतो. शाळेच्या कार्यालयामागे एक लहानशी खोली होती. जनरल रजिस्टरे, हजेरीपत्रके, दाखल्यांच्या स्थळप्रती, फीच्या पावत्यांची पुस्तके असा सारा कागद गुरुजी तेथे गठ्ठे बांधून ठेवीत. प्रत्येक गठ्ठ्याला एक चिठ्ठी असे. चिठ्ठीच्या वरच्या ओळीत 'कशाचे' हे लिहिलेले असे आणि खालच्या ओळीत 'कोठवर ठेवावे' हे. जनरल रजिस्टराच्या चिठ्ठीवर 'कायम' असा एकच शब्द होता. मी एकदा थट्टेने म्हणालो, "गुरुजी, गठ्ठा बांधला त्याच दिवशी त्याच्या मरणाची तिथीही लिहून ठेवता!" ते हसले नाहीत. म्हणाले, "बांधताना आत काय आहे ते मला ठाऊक असते. दहा वर्षांनी जो सोडील त्याला ते ठाऊक नसेल."

आज मी जे काही सांगणार आहे ते या एका वाक्याचे विवरण आहे, असे म्हटले तरी चालेल.

मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक संगणकाच्या डिस्कवरील जागेविषयी बोलणार हे निमंत्रणपत्रिकेत वाचून आपल्यापैकी पुष्कळांना आश्चर्य वाटले असेल. गुजरातच्या भूमीवर, या शाळेत, मला मराठीत बोलण्याची मुभा दिलीत याबद्दल प्रथम आभार मानतो. मी तंत्रज्ञ नाही. माझा पीएच.डी.चा प्रबंध पेशवेकालीन पत्रव्यवहाराच्या भाषेवर होता, आणि त्या निमित्ताने मोडी कागदांच्या धुळीत माझी उमेदीची वर्षे गेली. संगणकाच्या पोटात काय चालते ते मी वयाच्या सत्तरीनंतर, माझ्याच एका माजी विद्यार्थ्याकडून शिकलो. आणि शिकता शिकता माझ्या ध्यानात आले की, या नव्या घरातील अडचण आपल्या जुन्या घरातीलच आहे.

हा विद्यार्थी आता पन्नाशीकडे झुकला आहे. करजणच्या परिसरात त्याचा कापसाचा जिनिंगचा व्यवसाय आहे. कानम प्रदेशाच्या या काळ्या मातीला कापसाचे अगत्य किती जुने आहे, हे मी आपणांस सांगावयास नको. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की त्याच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. प्रत्येक गाडी वजनकाट्यावर चढते, वजनाची पावती निघते, ओलावा आणि प्रत पाहून भाव ठरतो, उचल दिली असल्यास तिची नोंद होते आणि शेतकऱ्याची सही घेतली जाते. या सर्वांचा हिशेब कार्यालयातील एका संगणकावर जमा होतो. इतर टेबलांवरील संगणक ज्याच्याकडून माहिती घेतात आणि ज्याच्याकडे सोपवितात त्या मध्यवर्ती यंत्रास सर्व्हर म्हणतात. पेढीतल्या मुख्य मुनिमाची जागा त्याला मिळालेली आहे, असे समजा.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात एका सकाळी त्याचा दूरध्वनी आला. "सर, रात्री जागा संपली." मला वाटले, गोदाम भरले. तो म्हणाला, "गोदामात जागा आहे. डिस्कवर नाही."

रात्री अकराच्या सुमारास काट्यावरील पावत्या निघेनाशा झाल्या होत्या. डिस्क भरली की तिच्यावर नवे अक्षर उमटत नाही. हिशेबाच्या प्रणालीला प्रत्येक व्यवहार आधी आपल्या नोंदीत लिहावा लागतो. तेवढीही जागा उरली नाही, तर ती व्यवहारच नाकारते. बाहेर गाड्या खोळंबलेल्या आणि थंडीत माणसे उभी. संगणकावर बसलेल्या तरुणाने जे बहुतेकांनी केले असते तेच केले. त्याने सर्वांत मोठे फोल्डर शोधले. त्याचे नाव होते 'जुने'. ते त्याने पुसले. दहा मिनिटांत काटा सुरू झाला आणि सर्वांनी त्याचे कौतुक केले.

'जुने' या नावाखाली काय होते ते तीन आठवड्यांनी, हिशेब चुकते करण्याची वेळ आली तेव्हा कळले. त्याच हंगामाच्या पहिल्या महिन्यातील, शेतकऱ्यांच्या सह्या असलेल्या पावत्यांचे स्कॅन त्यात होते. वजने प्रणालीत सुरक्षित होती. परंतु ओलाव्याची वजावट आणि उचल या पावतीवर हाताने लिहिलेल्या गोष्टी त्या स्कॅनखेरीज अन्यत्र नव्हत्या. स्कॅन झाले म्हणून मूळ कागद रद्दीत गेले होते. पूर्वीच्या कारकुनाने केवळ महिना उलटला म्हणून फोल्डरला 'जुने' असे नाव दिले होते आणि तो नोकरी सोडून गेला होता.

आपण विचाराल, पुसलेली वस्तू संगणकाच्या कचरापेटीत सापडत नाही काय? आपल्याच यंत्रावरची असेल तर बहुधा सापडते. परंतु नेटवर्कवरून सर्व्हरवरील सामायिक फोल्डर पुसले, तर ते पुसणाऱ्याच्या कचरापेटीत सहसा येत नाही. ते थेट जाते. मग बॅकअप, म्हणजे दुसरी प्रत? ती घेण्याची व्यवस्था होती. ज्या बाहेरील डिस्कवर ती जात असे ती दोन महिन्यांपूर्वीच भरली होती. यंत्राने तशी सूचना दर रात्री ई-पत्राने इमानाने पाठविली होती. ती सर्व पत्रे नोकरी सोडून गेलेल्या त्याच कारकुनाच्या पत्त्यावर साठत राहिली.

पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी, डिस्क भरते कशी हे थोडे पाहू. कारण 'कामे वाढली, माहिती वाढली' हे उत्तर अर्धेच खरे आहे. मी त्या कार्यालयात दोन दिवस बसलो आणि पेशवे दप्तराची यादी करावी तशी त्या डिस्कची यादी केली. हिशेबाची मूळ माहिती, जिच्यासाठी हा सारा खटाटोप, तिने व्यापलेली जागा आश्चर्य वाटावे इतकी थोडी होती. बाकीची जागा चौघांनी खाल्ली होती.

पहिला वाटेकरी म्हणजे चलच्चित्रण करणारे कॅमेरे. खर्च वाचावा म्हणून त्यांचे चित्रण याच सर्व्हरवर साठवीत. एक कॅमेरा सेकंदाला २० लाख बिट या बेताने लिहितो असे धरा. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ गिगाबाइट आणि आठ कॅमेऱ्यांचे १७२.८ गिगाबाइट. तीस दिवस ठेवायचे म्हटले तर पाच हजार गिगाबाइटांहून अधिक जागा हवी. त्याची डिस्क होती एक हजारांची. चित्रण सहा दिवसही मावले नसते. कॅमेरे केवळ हालचाल झाली तरच चित्र घेत, म्हणून हे इतके दिवस निभावले. आणि हंगामात, जेव्हा अहोरात्र हालचाल सुरू झाली, तेव्हाच ते कोलमडले.

दुसरा वाटेकरी म्हणजे स्कॅन. ए-फोर आकाराचे एक पान इंचाला ३०० ठिपके या सूक्ष्मतेने टिपले तर त्यात सुमारे ८७ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट; म्हणजे आकुंचन न करता एका पानाचे २६ मेगाबाइट. तेच पान निव्वळ काळ्या-पांढऱ्यात टिपले तर चोविसावा हिस्सा पुरतो. मोडी पत्र असेल तर मी रंगाचाच आग्रह धरीन, कारण शाईची छटा, शिक्का, कागदाचा डाग हेही तेथे पुरावे असतात. वजनकाट्याच्या पावतीला तो थाट कशाला? परंतु यंत्र विकत आणले त्या दिवशी जी मांडणी होती ती कोणी बदलली नव्हती.

तिसरा वाटेकरी म्हणजे यंत्राची स्वतःची रोजकीर्द. तिला लॉग म्हणतात. कोण आले, कोणी काय उघडले, कोणता व्यवहार झाला, याची नोंद यंत्र अखंड लिहीत असते. काही हिशेबप्रणालींत अशी योजना असते की, या व्यवहारनोंदीची रीतसर प्रत घेतली गेल्यावाचून तिच्यातील जुनी जागा पुन्हा वापरात येत नाही. प्रत घेणे थांबले की नोंद वाढत राहते. म्हणजे बॅकअपकडे दुर्लक्ष केल्याने केवळ दुसरी प्रत जाते असे नव्हे, पहिल्या प्रतीची जागाही जाते. एक गमतीची गोष्टही मला तेथे समजली. युनिक्स वंशाच्या यंत्रणेत एखादी नोंद कोणी पुसली, परंतु तिच्यात लिहिणारा कार्यक्रम चालूच असला, तर यादीतून नाव जाते आणि जागा मात्र मोकळी होत नाही. कार्यक्रम थांबविला की मगच ती सुटते. हजेरीपटावरून नाव खोडले, पण पाहुणा ओसरीवरच बसलेला!

चौथा वाटेकरी म्हणजे प्रतींच्या प्रती. एकच दरपत्रक पाच टेबलांवरून पाचदा साठविलेले. 'अंतिम', 'अंतिम नवे', 'खरे अंतिम' अशा नावांची तीच एक फाइल. यात दुष्टपणा कोणाचाच नाही. दुसऱ्याची प्रत सुरक्षित आहे असा विश्वास नसला, की प्रत्येक जण आपली वेगळी प्रत करून ठेवतो.

आता मी आपल्याला या खोलीतून दोन-अडीचशे वर्षे मागे नेतो, कारण हाच प्रश्न पुण्यात पेशव्यांच्या हुजूर दप्तरापुढे होता. मोठ्या राज्याचा हिशेब रोज येऊन पडत असे. तो सांभाळण्यासाठी दप्तराची जी अंगे केलेली होती त्यांत दोन प्रमुख होती. एक चालते दप्तर. ते फडणिसाच्या हाताखाली असे, आणि रोजच्या कामाचे कागद त्यात असत. दुसरे एकबेरीज दप्तर. ते पुण्यासच राही, कारण त्याची नित्य गरज नसे. सर्व खात्यांचे हिशेब तेथे एकत्र होत, आणि वर्षाची जमा, खर्च व शिल्लक यांचा तर्जुमा, म्हणजे गोषवारा, तयार होत असे. संगणकाच्या परिभाषेत आज ज्याला चालू माहिती आणि संग्रहित माहिती म्हणतात त्या भेदाला आपल्या भाषेत असे नेटके शब्द आहेत. चालते दप्तर हलके असले पाहिजे, म्हणजे ते चालेल. एकबेरीज दप्तर जड असले तरी हरकत नाही. ते एका जागी आणि नीट लावलेले असले की पुरे. माझ्या विद्यार्थ्याच्या डिस्कवर ही दोन्ही दप्तरे एकमेकांत कालवली गेली होती.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि ते दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. इनामांच्या चौकशीत त्याचा उपयोग झाला. १८९१ मध्ये त्यासाठी पुण्यात स्वतंत्र इमारत उभी राहिली. तेथील रुमालांची जी गणती दिली जाते ती ३४,९७२ आहे, आणि त्यांपैकी २७,३३२ रुमाल मोडीतील मराठी कागदांचे. हा डोंगर उपसण्याचे काम ज्यांनी हाती घेतले ते गोविंद सखाराम सरदेसाई आपल्या बडोद्याचे. १८८९ मध्ये ते सयाजीराव महाराजांच्या सेवेत रुजू झाले आणि १९२५ मध्ये निवृत्त झाले. निवृत्तीनंतर, साठी ओलांडल्यावर, त्यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. ते १९३० पासून पुढच्या चार-पाच वर्षांत प्रसिद्ध झाले. मी त्यांच्या कामाकडे एका वेगळ्या अंगाने आपले लक्ष वेधू इच्छितो. सरदेसायांनी निवड केली. परंतु जे निवडले नाही ते जाळले नाही. त्यांनी वगळलेल्या रुमालांत पुढच्या अभ्यासकांनी जमिनीचे भाव, बाजारहाट, कुटुंबांचे तंटे, साध्या माणसांचे जिणे शोधले. निवडणे आणि नाहीसे करणे या दोन क्रिया भिन्न आहेत. वाचकाच्या समोर काय ठेवावे हे एका माणसाला ठरविता येते. काय कायमचे जावे हे ठरविताना मात्र त्या माणसाचा हात थरथरला पाहिजे.

हे मी दुसऱ्यांना शिकवतो आहे असे समजू नका. मित्रहो, आता जे सांगणार आहे ते यापूर्वी व्यासपीठावरून कधी सांगितलेले नाही. मी एका महाविद्यालयात विभागप्रमुख असताना कपाटे रिकामी करण्याचे फर्मान निघाले. नव्या वर्गखोलीसाठी जागा हवी होती. रद्दीत द्यावयाच्या वस्तूंची यादी माझ्यापुढे सहीसाठी आली. तीत एक नोंद होती : 'जुन्या वह्या, सुमारे चाळीस.' परीक्षेची धावपळ होती. मी सही केली. पुढच्या सत्रात एक संशोधक विद्यार्थिनी गुजरातेतील मराठी कुटुंबांच्या बोलीसंबंधी विचारावयास आली. मी मोठ्या उत्साहाने म्हणालो की, माझ्या आधीच्या प्राध्यापकांनी पंधरा वर्षे घरोघर जाऊन टिपलेली सामग्री आपल्याकडे आहे. कपाट उघडले. तेथे नव्या उत्तरपत्रिका होत्या. त्या चाळीस वह्यांत ज्या वृद्ध स्त्रियांची बोलणी टिपली होती त्या तोवर हयात नव्हत्या, आणि टिपणारेही नव्हते. माझी सही मात्र त्या यादीवर अजून कोठे तरी असेल.

म्हणून 'जुने' फोल्डर पुसणाऱ्या तरुणाला मी दोष देऊ शकलो नाही. त्याने केलेली चूक आणि मी केलेली चूक एकच होती. दोघांनीही नाव वाचले आणि आतील वस्तू पाहिली नाही. त्याला रात्रीची निकड होती. मला तीही सबब नव्हती.

आता त्या जिनिंगच्या हिशेबाचे काय झाले ते सांगतो. माझ्या विद्यार्थ्याने गावोगाव निरोप पाठविले की, आमच्याकडील पावत्या गेल्या आहेत, आपापल्या प्रती आणाव्यात. ही कबुली देणे व्यापाऱ्याला सोपे नसते. शेतकरी आले. कोणाची कार्बन प्रत पत्र्याच्या डब्यात होती, कोणाची देव्हाऱ्यामागे, कोणाची पोथीच्या घडीत. चार दिवसांत बहुतेक हिशेब पुन्हा उभा राहिला. सात-आठ जणांपाशी पावती नव्हती; त्यांनी तोंडाने सांगितले ते प्रमाण मानून त्याने पैसे दिले. एक म्हातारे गृहस्थ जाताना गुजरातीत जे म्हणाले त्याचा आशय असा : "शेठ, तुमच्या कपाटाला कुलूप आहे, आमच्या डब्याला नाही, तरी सापडले ते डब्यातच." दुसरी प्रत वेगळ्या जागी, वेगळ्या माणसाच्या हाती असावी, हे जगभरचे तंत्रज्ञ सांगतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, असे त्यांचे सूत्र आहे. त्या शेतकऱ्यांनी ते न शिकता पाळले होते.

यातून आम्ही दोघांनी मिळून जी व्यवस्था लावली ती थोडक्यात सांगतो. सभेत व्यापारी मंडळी आहेत, आणि शाळेच्या कार्यालयालाही ती उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, चालते आणि एकबेरीज वेगळे केले. यंत्राचा स्वतःचा कारभार एका भागात, हिशेब दुसऱ्या भागात आणि कॅमेऱ्यांचे चित्रण अगदी निराळ्या यंत्रावर. ते भरले की सर्वांत जुन्या चित्रणावर नवे लिहिले जाते. एकाच्या पुराने दुसऱ्याचे घर बुडू नये, एवढाच हेतू.

दुसरी गोष्ट, मोजणी. दर सोमवारी किती जागा भरली ते एका साध्या वहीत लिहावयाचे. हजारांतील सातशे भरले आहेत आणि आठवड्याला बारा वाढतात, तर पंचवीस आठवडे उरले, हे पाचवीतील मुलगाही सांगेल. ऐंशी टक्के भरताच सूचना यावी, आणि ती सूचना दोन हयात व हजर माणसांकडे जावी. हंगामाचा वेग बिगरहंगामाच्या वेगाने मोजू नये, हेही आम्ही त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले.

तिसरी गोष्ट, गुरुजींची चिठ्ठी. महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांत 'सहा गठ्ठा पद्धत' म्हणून एक रीत आहे. कारवाई चालू असलेले कागद, उत्तराची वाट पाहणारे, ठरावीक मुदतीने पाठवावयाचे, स्थायी आदेशांचे, अभिलेखकक्षात धाडावयाचे आणि नष्ट करावयाचे, असे सहा गठ्ठे टेबलावरच पाडावयाचे. आम्ही डिस्कवरील प्रत्येक फोल्डरला अशीच जात लावली आणि पाच गोष्टींचा तक्ता केला : काय आहे, कोणाचे आहे, कोठवर ठेवावे, कोठे ठेवावे आणि काढण्याची परवानगी कोणी द्यावी. 'जुने', 'इतर', 'किरकोळ' ही नावे बंद केली. नाव असे हवे की, अनोळखी माणसाने न उघडता आत काय आहे ते ओळखावे. भाषेचा शिक्षक म्हणून या कामात माझा काही उपयोग झाला असेल तर तो एवढाच.

'कोठवर ठेवावे' हे आपल्या लहरीवर नसते, हेही ध्यानात घ्यावे. २०१३ च्या कंपनी कायद्याने कंपनीस आपल्या हिशेबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षे जपाव्या लागतात. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या केंद्रीय कायद्यात वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिन्यांची मुदत आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक फेरफाराचा माग राहणे आवश्यक झाले. यंत्रांच्या लॉगविषयी केंद्र सरकारच्या संगणकसुरक्षा यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये १८० दिवसांचा दंडक घातला. आपल्या व्यवसायाला यांतील काय लागू पडते ते सनदी लेखापालांना विचारावे. परंतु पुसण्यापूर्वी विचारावे.

चौथी गोष्ट, परत आणून पाहणे. बॅकअप घेतला एवढ्याने भागत नाही. दर तीन महिन्यांनी त्यातील एखादी पावती काढून ती उघडते का, वाचता येते का, हे पाहावयाचे. न उघडलेला रुमाल आत शाबूत आहे असे कोणता अभ्यासक छातीठोकपणे सांगेल?

आणि पाचवी गोष्ट, पुसणे दिवसाढवळ्या आणि दोघांच्या संमतीने. काढावयाचे ते आधी वेगळ्या जागी महिनाभर ठेवावयाचे, काय काढले त्याची यादी करावयाची, आणि मगच निरोप द्यावयाचा. निकडीच्या रात्रीसाठी डिस्कच्या एका कोपऱ्यात थोडी जागा मुद्दाम अडवून ठेवलेली आहे. पुन्हा तशी वेळ आली तर ती सोडावी आणि सकाळ होईतो कशालाही हात लावू नये, असे तेथे लिहिले आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो क्षुल्लक नाही. १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने जे पहिले डिस्कयंत्र बाजारात आणले त्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि सर्व मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. आज नखाएवढ्या चकतीवर त्याच्या हजारोपट मावते. मग वेचणे, निवडणे, पुसणे ही उठाठेव कशाला? मोठी डिस्क घ्यावी, सर्व ठेवावे. माझ्या विद्यार्थ्यानेही मोठी डिस्क घेतली, आणि ती घ्यावयास हवीच होती. परंतु जागा स्वस्त झाली म्हणून माणसाचे लक्ष स्वस्त होत नाही. जेवढे ठेवले तेवढ्याच्या प्रती घ्याव्या लागतात, तेवढ्यातून शोधावे लागते, तेवढ्याचे रक्षण करावे लागते. त्यातच लोकांची आधारपत्रे, बँकखाती, सह्या असतात. प्रयोजन संपल्यावर दुसऱ्याची खासगी माहिती बाळगू नये, हे तत्त्व आपल्या देशाने २०२३ च्या कायद्यात मान्य केले आहे. सर्व काही ठेवणारा माणूस सावध असतो असे मला पूर्वी वाटे. आता वाटते की, पुष्कळदा तो केवळ निर्णय पुढे ढकलत असतो, आणि तो निर्णय अखेर अकरा वाजता रात्री, त्याविषयी सर्वांत कमी जाणणाऱ्या माणसावर येऊन पडतो.

आपल्या गावाचाच दाखला देतो. १८६२ मध्ये, खंडेराव महाराजांच्या कारकीर्दीत, डभोईहून मियागामला अरुंद रूळमार्ग आला, आणि त्यावरील डबे आरंभी बैलांनी ओढले. मियागामला तो माल मोठ्या रुळांच्या गाडीत चढवावा लागे. अशा स्थानकात फलाट कितीही लांब केला, तरी माल पुढे नेणारी गाडी वेळेवर आली नाही तर तो भरणारच. फलाट हे मुक्कामाचे ठिकाण नव्हे. आपल्या डिस्कचा पुष्कळसा भाग म्हणजे असा फलाट आहे. तेथे उतरलेल्या मालाने कोठे जावयाचे, हे तो उतरण्यापूर्वी ठरलेले असावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी शेवटचे दोन शब्द. तुम्ही रोज पाठीवर जे दप्तर घेऊन येता, तो शब्द फारसीतून आपल्याकडे आला, आणि त्याचे मूळ ग्रीक भाषेतील 'डिफ्थेरा' या शब्दात सांगतात. त्याचा अर्थ कमावलेले कातडे. लोक एके काळी कातड्यावर लिहीत, आणि कातडे महाग असे. म्हणून काय लिहावे याचा विचार लिहिण्यापूर्वी करीत. आज तो विचार करावयास आपल्याला कोणी भाग पाडत नाही. तो आपणच करावयाचा आहे. आज घरी गेल्यावर आपल्या दप्तरात हात घाला आणि तळाशी काय काय निघते ते पाहा. काही टाकाल. परंतु टाकण्यापूर्वी प्रत्येक कागद उलगडून वाचा.

मी त्या चाळीस वह्या उघडून पाहिल्या असत्या, तर आज येथे त्यांतील एखाद्या आजीचे बोलणे तुम्हांला वाचून दाखविले असते. ते माझ्याकडे नाही. गुरुजींच्या खोलीतील गठ्ठे मात्र अजून आहेत असे मुख्याध्यापकांनी मघाशी मला सांगितले, आणि त्यांवरील चिठ्ठ्या अजून वाचता येतात. शाळेचे हे सारे दप्तर आता संगणकावर उतरविण्याचे आपल्या मनात आहे. माझी एवढीच विनंती आहे की, कागदाबरोबर ती चिठ्ठीही उतरवा. तिची खालची ओळ विसरू नका.